पारोळ्याची लाइन

तोतारामचा फोन आला तेव्हा राजकुंवर आग्रा रोडवरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होती. मे महिन्यातली, गुरुवारची दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सासरे, दीपचंदजी, गल्ल्यामागे तोंडावर पेपर ओढून पडले होते.

"ताई, मी तोताराम. पारोळ्याहून."

"बोला तोतारामभाऊ. रिपोर्ट येत नाहीत का?"

"येतात ना. रिपोर्ट बरोबर येतात." एवढं बोलून तो थांबला. एसटीडीचं मीटर पळत असताना कोणी उगाच गप्प राहत नाही. "एक विचारायचं होतं. साहेबांचा स्वतःचा कॉम्प्युटर आहे ना, वरच्या मजल्यावरचा... तो मला दिसायला पाहिजे का?"

राजकुंवरच्या हातातली वायर हातातच राहिली. "तुम्हाला दिसतो?"

"सोमवारपासून. आधी एकच दिसायचा, रिपोर्टचा. आता दोन दिसतात. मला वाटलं, तुम्हीच काही नवीन केलं असेल. म्हणून उघडून पाहिला."

"आणि?"

"काही नाही. एक यादी होती. नावांची. मी लगेच बंद केली."

"कोणाला बोललात?"

"नाही हो! कोणाला बोलणार?" हे मात्र तो फार पटकन म्हणाला.

फोन ठेवून ती परत वायरीकडे वळली. मापाच्या पट्टीवर हात चालत होता, पण आकडे डोक्यात शिरत नव्हते. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "वहिनी, दहा मीटर सांगितलं होतं. तुम्ही पंधरा कापलं."

राजकुंवर जळगावची. तिथल्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग करून ती धुळ्याला दीपचंदजींच्या घरात सून म्हणून आली, त्याला आता चार वर्षं झाली होती. पंखे, बटणं आणि ट्यूबलाइट विकणाऱ्या त्या दुकानात तिने एका कोपऱ्यात कॉम्प्युटरची दुरुस्ती सुरू केली. सासूबाई, सज्जनबाई, चारचौघींत नाक मुरडायच्या, पण सासऱ्यांनी तिची बाजू घेतली होती. "शिकलेली आहे, तर करू दे," एवढंच ते म्हणाले होते. पाहता पाहता गावातले डॉक्टर, वकील, छापखानेवाले तिला बोलवायला लागले. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं ते. धुळ्यात कॉम्प्युटर आले होते, पण ते एकमेकांना जोडून देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यांत बाई ती एकटीच.

लीलाधर डॉक्टरांची रक्त-लघवी तपासायची लॅब गल्ली नंबर पाचमध्ये, त्यांच्या राहत्या घराच्या तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी इंदिराबाई राहायच्या. जिन्याजवळच्या छोट्या खोलीत सगळे रिपोर्ट साठवणारं मोठं यंत्र होतं, ज्याला डॉक्टर कौतुकाने 'सर्व्हर' म्हणत. आतल्या खोलीत त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर. शिवाय पारोळ्याला एका मेडिकल दुकानाच्या मागे त्यांनी रक्त गोळा करायचं केंद्र काढलं होतं आणि तिथे तोताराम बसायचा. रक्ताच्या बाटल्या एसटीने धुळ्याला यायच्या. रिपोर्टसुद्धा एसटीनेच परत जायचे, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या.

"तोतारामने फोन लावावा आणि रिपोर्ट तिथे उतरावेत," डॉक्टर म्हणाले होते. "पण त्याला फक्त रिपोर्ट दिसले पाहिजेत. माझ्या खोलीतल्या यंत्राकडे कोणी फिरकता कामा नये."

कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ऑपरेशनच्या आधी म्हणून एड्सची तपासणी व्हायला लागली होती. पहिल्या तपासणीत दोष दिसला की डॉक्टर दुसरा नमुना मुंबईला पाठवत. तिथलं उत्तर येईपर्यंत रोग्याला काही सांगत नसत, आणि उत्तर आल्यावरही माणसाला समोर बसवून, दार लावून सांगत. ही नावं रजिस्टरमध्ये नव्हती. ती होती त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर.

मग प्रश्न आला राउटरचा. बाहेरून आलेल्या फोनला घरातल्या कोणत्या यंत्रापर्यंत जाऊ द्यायचं आणि कोणत्या नाही, ते ठरवणारं हे यंत्र. मुंबईहून तयार पेटी मागवता आली असती. डॉक्टरांचा कल तिकडेच होता. राजकुंवरने मोडता घातला. "पेटी बिघडली तर महिनाभर मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागतील, डॉक्टरसाहेब. तुमचा जुना फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर पडून आहे. त्याला दोन कार्डं लावते, फोनसाठी मोडेम लावते. हार्ड डिस्कसुद्धा नको, एका फ्लॉपीवर सगळं चालतं. बिघडलं तर मी दहा मिनिटांत येईन."

बोलली ते खोटं नव्हतं. पण पेटी आणून नुसती तारेला जोडली असती तर तिचं काय राहिलं असतं? आपण हे हाताने उभं करू शकतो, हे तिला दाखवायचं होतं. डॉक्टरांना, सासूबाईंना आणि बहुधा स्वतःलासुद्धा.

आठवडाभर खपून तिने ते उभं केलं. आधी सगळं सताड उघडं ठेवून पाहिलं, पारोळ्याहून फोन लागतो का, फाइल उतरते का. मग एकेक वाट बंद करत आणली. शेवटी तोतारामला फोन लावायला सांगितला. त्याला एकच कॉम्प्युटर दिसला. डॉक्टरांनी पेढे मागवले.

आता दुकानातून निघून उन्हात गल्ली नंबर पाचकडे चालताना तिला तो पेढ्यांचा दिवस आठवत होता. सोमवारी काय झालं होतं? यंत्र बसवल्यापासून पहिल्यांदाच, सोमवारी सकाळी दोन तास लाइट गेली होती.

डॉक्टर दुपारचे झोपले होते. इंदिराबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. राजकुंवरने जुन्या कॉम्प्युटरला स्क्रीन जोडली. नियमांची यादी पाहिली. शेवटी बंद केलेल्या वाटा तिथे नव्हत्याच. पहिल्या दिवशीचं, चाचणीसाठी ठेवलेलं, सताड उघडं सगळं जसंच्या तसं होतं.

तिने फ्लॉपी बाहेर काढली. कोपऱ्यातली छोटी काळी खिटी सरकवलेली होती. ती खिटी सरकवली की फ्लॉपीवर नवीन काही लिहिलं जात नाही. कोणी चुकून पुसू नये म्हणून तिनेच ती सरकवली होती, शेवटचे नियम लिहून व्हायच्या आधी. म्हणजे तिचे सगळे नियम आजवर यंत्राच्या चालू स्मृतीत तेवढे जगत होते. वीज गेली तेव्हा ते गेले आणि वीज आली तेव्हा फ्लॉपीवरचं जुनं, उघडं रूप पुन्हा उभं राहिलं. सर्व्हरला तिने बॅटरीवर ठेवलं होतं. राउटरला नाही. त्याच्यात काय जपायचंय, असं तिला वाटलं होतं. मुंबईच्या पेटीने स्वतःच्या पोटात सगळं लक्षात ठेवलं असतं.

डॉक्टरांनी आपल्या कॉम्प्युटरला पासवर्ड लावला नव्हता. दरवेळी टाइप करायचा त्यांना कंटाळा होता आणि ती म्हणाली होती, "चालेल, वाट बंदच आहे."

सगळं दुरुस्त करायला तिला तीन मिनिटं लागली. खिटी मागे घेतली, नियम लिहिले, वीज काढून पुन्हा लावली, पाहिलं. वाट बंद. आतल्या खोलीतून डॉक्टरांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

त्यांना उठवून सांगायला हवं होतं. ती दाराशी जाऊन उभीसुद्धा राहिली. पण पाय पुढे सरकेना. गावभर होईल. दीपचंदजींच्या दुकानात कोण येईल? सासूबाई काय म्हणतील? आणि तोतारामने तर यादी लगेच बंद केली होती, कोणाला बोललाही नव्हता. मग कशाला?

"झालं का काम?" इंदिराबाईंनी विचारलं.

"हो. थोडी सफाई करायची होती," ती म्हणाली आणि जिना उतरली.

पुढचे दोन दिवस दुकानातला फोन वाजला की हातातलं काम टाकून ती आधी तोच उचलायची. आणि एक नवीनच भीती मनात शिरली होती. तो फोन नंबर काही एकट्या तोतारामचा नव्हता. मोडेम असलेल्या कोणीही लावला असता तर? जळगावहून, भुसावळहून, कुठूनही? तिच्या फ्लॉपीवर कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवायला जागाच नव्हती. जागा वाचवायची म्हणून तो भाग तिनेच काढून टाकला होता.

शनिवारी सकाळी दहाला फोन वाजला. तोताराम रडत होता.

"ताई, मी खोटं बोललो. मी घरी बोललो होतो."

"काय बोललात?"

"यादीत सुकदेवचं नाव होतं. आमच्या गल्लीतला. पिठाची गिरणी आहे त्याची. हर्नियाचं ऑपरेशन करायचं म्हणून मीच त्याचं रक्त काढलं होतं. ताई, आमच्या घरचं दळण त्याच्याकडेच जातं. लेकरं खातात. मला भीती वाटली. मी बायकोला एवढंच म्हटलं, की सुकदेवच्या गिरणीवर जाऊ नको. तिने का विचारलं, तर मी... आता सगळ्या गावाला कळलंय. त्याच्या गिरणीवर काल दळणाचा एकही डबा आला नाही. आणि आज सकाळपासून तो घरात नाही."

"पिठातून काही होत नाही, तोतारामभाऊ," ती म्हणाली आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"आता समजून काय करू?"

या वेळी ती थांबली नाही. सासऱ्यांना सांगायलाही नाही. चप्पल अडकवून ती अक्षरशः धावत गल्ली नंबर पाचमध्ये गेली. डॉक्टर खाली लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. तिने माणसांसमोरच म्हटलं, "डॉक्टरसाहेब, वर चला."

जिन्यावरच तिने सगळं सांगून टाकलं. खिटी, फ्लॉपी, सोमवार, गुरुवार. गुरुवारी आपण येऊन गेलो आणि तुम्हाला उठवलं नाही, हेही. डॉक्टर कठडा धरून ऐकत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"यादीत एकतीस नावं आहेत," ते हळूच म्हणाले.

"तोताराम म्हणतो, त्याने वरची तेवढीच पाहिली."

"आणि सुकदेवचं मुंबईचं उत्तर अजून आलेलंच नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती भीती होती. "गुरुवारी सांगितलं असतं, तर मी गुरुवारीच जाऊन त्याच्याशी बोललो असतो. चला. बसा गाडीत."

पारोळा तिथून तासाभराच्या आत. मारुती व्हॅनच्या खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. रस्त्यात विहीर दिसली की राजकुंवर मान फिरवून घ्यायची.

सुकदेवची गिरणी बंद होती. दाराला आतूनही लावता येणारं कुलूप. शेजारच्या ओट्यावर त्याची आई, भिकुबाई, दोन्ही हात डोक्याला लावून बसली होती. राजकुंवरला पाहून ती उठली आणि अहिराणीत विचारू लागली.

"तू कोन शे व माय? दवाखानानी शे का?"

"हो, आजी. सुकदेवभाऊ कुठे आहेत?"

"सकायपाईन गयेल शे. च्या बी नही लिधा. बठ्ठ्या बाया दयन काढी ली गयात. मना पोऱ्याले काय व्हयेल शे, माले कोनी सांगस नही." म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरलं. "तू सांग. माले खरं सांग."

डॉक्टर पुढे झाले. "आई, अजून काहीच ठरलेलं नाही. लोक उगाच बोलतात. तो कोणाला काही बोलून गेला का?"

म्हातारीने मान हलवली. समोरच्या घरांच्या दारांत बाया उभ्या होत्या. कोणी जवळ येत नव्हतं. तोताराम गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टरांनी त्याला हाक मारली आणि कानाशी लागून काही विचारलं. राजकुंवरला फक्त दोन शब्द ऐकू आले. औषधाचं दुकान.

ते दुकान चौकात होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकानदाराने आठवून सांगितलं, "सुकदेव ना? दुकान उघडलं तेव्हाच आला होता. उंदराचं औषध घेऊन गेला. चार पुड्या."

"चार?" डॉक्टरांनी विचारलं.

"नेहमी एक नेतो. गिरणी म्हटल्यावर उंदीर असतातच. आज चार नेल्या."

राजकुंवरने डॉक्टरांकडे पाहिलं. तेवढ्यात डॉक्टर वळून निघालेही होते. गिरणीपाशी येऊन त्यांनी तोतारामच्या हातून पहार मागवली आणि कुलूप फोडायला लावलं. तोतारामचे पहिले दोन घाव दारावरच बसले. भिकुबाई मोठमोठ्याने रडायला लागली.

कुलूप तुटलं. आत अंधार, पिठाचा कोंदट वास. राजकुंवर दारातच उभी राहिली. आपल्याला काय दिसणार आहे याची चित्रं तिच्या डोळ्यांपुढून एकामागून एक जात होती. डॉक्टर आत शिरले, जात्यामागे गेले, कोपऱ्यातल्या पोत्यांमागे वाकले.

"नाही," ते आतून म्हणाले. "इथे नाही."

मग त्यांनी काडी ओढली. चारही कोपऱ्यांत कागदाच्या तुकड्यांवर पुडीतलं औषध पिठात कालवून ठेवलं होतं. जात्यावर पोतं झाकलेलं, वर दोरी आवळलेली. मोटारीचा पट्टा काढून खुंटीला टांगला होता.

"तो गिरणी आवरून गेलाय," तोताराम म्हणाला. "सुरतेला त्याचा मामा आहे."

सुरतेची गाडी स्टँडवर उभी होती, इंजिन सुरू. ड्रायव्हर चढायच्या बेतात होता. सुकदेव मागून दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसला होता. पस्तिशीचा, सडपातळ, मांडीवर पिशवी. शेजारची जागा रिकामी होती. डॉक्टर चढले आणि त्या जागेवर बसले. राजकुंवर दांड्याला धरून उभी राहिली. त्याला जिवंत पाहून तिला रडू कोसळेल असं वाटलं होतं, पण भीती तसूभरही हलली नव्हती.

"डॉक्टरसाहेब," सुकदेव म्हणाला, "माले काय व्हयेल शे? गावले माहीत शे, माले माहीत नही."

डॉक्टरांनी त्याला हलक्या आवाजात सांगितलं. पहिली तपासणी काय होती, ती चुकू शकते, दुसरीचं उत्तर यायचं आहे. काहीही आलं तरी माणूस लगेच मरत नाही. पिठातून, पाण्यातून, हाताला हात लागून हा रोग कोणाला होत नाही. सुकदेव ऐकत होता आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"मंग गावले कसं समजनं?"

डॉक्टरांनी राजकुंवरकडे पाहिलं नाही. त्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं. तिनेच आधी म्हटलं, "माझ्यामुळे. मी एक यंत्र बसवलं होतं. त्यातून तुमचं नाव बाहेर जायला नको होतं. मी एक वाट उघडी ठेवली आणि नीट पाहिलं नाही. दोन दिवसांपूर्वी मला कळलं होतं. तेव्हाही मी घाबरून गप्प बसले."

यंत्र म्हणजे कोणतं, वाट म्हणजे कसली, हे सुकदेवने विचारलं नाही.

"तू कोनी पोर शे?"

"जळगावची. नेमीचंदजींची."

"घर जाय, ताई," तो म्हणाला. शिवी दिली असती तर तिला सोसलं असतं. "डॉक्टरसाहेब, मना मायले सांगजा, मी मामाकडे गयेल शे. तिले वाटी, मी जीव दिधा."

कंडक्टरने बेल मारली. ते दोघे उतरले आणि गाडी अमळनेरच्या रस्त्याने निघून गेली.

डॉक्टर त्या संध्याकाळी पारोळ्यातच थांबले. चौकात, देवळापुढे, जिथे माणसं भेटतील तिथे उभे राहून ते या रोगाबद्दल बोलले. नंतर त्यांनी भिकुबाईच्या घरी पाणी मागून प्यायलं, सगळ्यांच्या देखत. तोतारामला त्यांनी कामावरून काढलं नाही. पण संगणकाची लाइन तोडली. रिपोर्ट पुन्हा बंद लखोट्यात, एसटीने जायला लागले.

राजकुंवरने घरी येऊन सासऱ्यांना सगळं सांगितलं. दीपचंदजींनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग सुनेला म्हणाले, "बीनणी, यादीतल्या बाकीच्यांचं काय?"

पुढचे कितीतरी महिने धुळ्यात कोणाचं दुकान अचानक बंद झालं, कोणी कुटुंबासकट गाव सोडलं, कोणाचं लग्न मोडलं, असं कानावर आलं की तिला वाटायचं, हे त्या एकतीसमधलं तर नाही? सोमवार ते गुरुवार त्या नंबरवर आणखी कोणाचा फोन आला होता का, हे जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं.

जूनच्या अखेरीस मुंबईचं उत्तर आलं. लीलाधर डॉक्टर ते घेऊन स्वतः सुरतेला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही. राजकुंवरनेही विचारलं नाही. ते उत्तर आपल्याला कळायला नको, हे आता तिला नीट समजत होतं. गिरणी मात्र उघडली नाही. भिकुबाई दिवाळीत मुलाकडे निघून गेली.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी पुन्हा लाइन जोडायची ठरवली आणि बोलावलं तिलाच. ती नको म्हणाली. त्यांनी तिसऱ्यांदा निरोप पाठवला तेव्हा गेली. मुंबईहून पेटी आली होती. तिने आधी डॉक्टरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरची तार भिंतीतून उपटून काढली. तो आता कशालाच जोडलेला राहणार नव्हता. मग पेटीत नियम घातले, आणि वीज काढून, लावून, पुन्हा काढून, लावून प्रत्येक वेळी पारोळ्याला फोन केला.

"तोतारामभाऊ, काय दिसतंय?"

"एकच, ताई."

"पुन्हा बघा."

"एकच आहे."

सोळाव्या वेळी इंदिराबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बस करा आता." राजकुंवरने कप घेतला, पण तिचा दुसरा हात विजेच्या बटणावरच होता.